व्यापाऱ्याची विधवा बेरेनची कॅथरिन, तिची चार लग्ने आणि तिची मालमत्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही कॅथरिन कोण?

उत्तर वेल्समध्ये डेन्बी गावाजवळच्या बेरेन इस्टेटीची एकुलती एक वारस. वडील ट्युडर आप रॉबर्ट व्हखान, आई जेन व्हेल्विल. जन्मसाल काही ठिकाणी १५३४-३५ मिळते, काही ठिकाणी १५४०. मृत्यू २७ ऑगस्ट १५९१ चा, आणि १ सप्टेंबरला लानेव्हिदच्या चर्चमध्ये दफन झाले.

तिची चार लग्ने झाली. पहिला नवरा लेवेनीच्या बड्या घराण्यातला जॉन सॅलस्बरी. तो १५६६ मध्ये वारला. दुसरा डेन्बीचाच, पण अँटवर्पमध्ये (आजच्या बेल्जियममधले बंदर) व्यापार करून गबर झालेला रिचर्ड क्लफ. तो १५७० मध्ये हॅम्बुर्गला वारला. तिसरा ग्विदिरचा मॉरिस विन, मृत्यू १५८०. चौथा प्लास-ई-वॉर्डचा एडवर्ड थेलवॉल. हा मात्र तिच्यामागे १९ वर्षे जगला, १६१० पर्यंत. वेल्समध्ये तिला ‘माम कम्री’ म्हणतात, म्हणजे वेल्सची आई.

चौघांत व्यापारी एकच. मग तिला व्यापाऱ्याची विधवा का म्हणायचे?

कारण ते एकच लग्न वेगळे होते. सॅलस्बरी, विन आणि थेलवॉल ही तिन्ही शेजारपाजारची जमीनदार घराणी. त्यांच्यातल्या सोयरिकी म्हणजे बांधाला बांध लागलेल्या जमिनींचे व्यवहार. क्लफकडे वडिलोपार्जित काहीच नव्हते. त्याचा बाप हातमोजे शिवणारा. पण त्याच्याकडे रोकड होती, माल होता, युरोपभर पत होती. मालकीण म्हणून जन्मलेल्या बाईने कारागिराच्या मुलाशी लग्न करावे, हे त्या काळी सहज घडत नसे. क्लफच्या पैशाने ते घडवले. कॅथरिन डेन्बीशर परगणा सोडून अँटवर्पला गेली ती याच लग्नामुळे, आणि आज आपण तिचा चेहरा ओळखतो तोही याच लग्नामुळे.

तिचे आडनाव कोणते लावायचे?

कोणतेच लावले नाही तरी चालते, आणि वेल्समध्ये तेच बरोबर. त्या काळच्या वेल्श रिवाजात बाई नवऱ्याचे नाव घेत नसे. ‘आप’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘व्हेर्ख’ म्हणजे अमक्याची मुलगी. त्यामुळे ती कॅट्रिन व्हेर्ख ट्युडर. आपण मधले नाव वडिलांचे लावतो, तसेच, फक्त त्यापुढे आडनाव नाही. वेल्श लिखाणात ती ‘कॅट्रिन ओ व्हेराइन’ म्हणून येते. ‘ओ’नंतर ‘ब’चा उच्चार ‘व्ह’ होतो म्हणून बेरेनचे (वेल्श उच्चार बेराइन) व्हेराइन झाले. ही दोन वेगळी गावे नाहीत. इंग्रजी कागदांत मात्र कारकुनाने त्या त्या वेळच्या नवऱ्याचे आडनाव टाकलेले सापडते.

वडिलांचे ‘ट्युडर’ हे पाळण्यातले नाव आहे. राजघराण्याचे आडनाव ज्या वेल्श नावावरून आले तेच हे. तेवढ्यावरून राजघराण्याशी नाते जोडू नका. नात्याचा दावा आहे तो आईकडून.

मग ती पहिल्या एलिझाबेथ राणीची नातलग होती का?

तसे मानले जाते, पण सिद्ध झालेले नाही. कॅथरिनच्या आईचे वडील सर रोलंड व्हेल्विल हे राणीचे आजोबा सातवे हेन्री यांचे अनौरस पुत्र होते अशी परंपरा आहे. ते १४८५ मध्ये हेन्रीबरोबर फ्रान्सकडच्या ब्रिटनीहून आले, १४९७ मध्ये नाइट झाले, १५०९ पासून बोमॅरिस किल्ल्याचे किल्लेदार होते आणि १५३५ मध्ये वारले. राजाची मर्जी होती हे नक्की; रक्ताच्या नात्याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

परंपरा खरी धरली तर हिशेब असा बसतो: व्हेल्विल हे राणीचे वडील आठवे हेन्री यांचे सावत्र भाऊ. म्हणजे कॅथरिनची आई जेन आणि राणी एलिझाबेथ चुलतबहिणी, आणि कॅथरिन राणीची भाची. इंग्रजी लिखाणात नुसते ‘कझिन’ म्हणून सोडून देतात, त्यामुळे पिढीचा घोळ होतो.

रिचर्ड क्लफने एवढा पैसा कसा मिळवला?

लहानपणी तो चेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये गात असे. तरुणपणी जेरुसलेमची यात्रा करून आला आणि तिथे ‘पवित्र समाधीचा नाइट’ ही पदवी घेतली. म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याला ‘सर’ लावतात. ही पदवी इंग्लंडच्या राजाने दिलेली नव्हती, हे लक्षात ठेवावे.

१५५२ च्या सुमारास तो सर थॉमस ग्रेशॅमचा अँटवर्पमधला माणूस झाला. ग्रेशॅम इंग्लंडच्या राजसत्तेसाठी कर्ज उभे करत असे, आणि रोजचे काम क्लफ सांभाळे. सावकारांकडून मुदतवाढ मिळवायची, हुंड्यांचा भाव पाहायचा, बातम्या गोळा करून लंडनला पाठवायच्या, बंदी असलेली शस्त्रे आणि बंदुकीची दारू जहाजात चढवायची. पत्र उघडले गेले तर कळू नये म्हणून दारूला ‘मखमल’ लिहीत. यासोबत त्याचा स्वतःचा व्यापार चालू होताच. मालकाचे काम आणि स्वतःचा नफा एकाच वेळी करण्यात तेव्हा कोणाला गैर वाटत नसे.

१५६१ च्या अखेरीस त्याने ग्रेशॅमला एक लांबलचक पत्र लिहिले. लंडनसारख्या शहरात व्यापाऱ्यांना पावसात भिजत, फेरीवाल्यांसारखे रस्त्यात उभे राहून सौदे करावे लागतात याची त्याला लाज वाटत होती. अँटवर्पला आहे तशी सौद्याची पेठ लंडनलाही बांधावी असा त्याचा आग्रह होता. ७ जून १५६६ रोजी तिचा पहिला दगड बसला, आणि २३ जानेवारी १५७१ रोजी राणीने भेट देऊन तिला ‘रॉयल एक्स्चेंज’ हे नाव दिले. पुतळा, पाटी, कौतुक सगळे ग्रेशॅमच्या वाट्याला आले. क्लफ तोवर जाऊन काही महिने झाले होते. आमच्या मते या माणसाला इतिहासाने फार कमी श्रेय दिले आहे.

१५६७ मध्ये त्याने ट्रेमेर्खियॉनजवळ बाखेग्रेग नावाचे घर बांधले. भोवतालची सगळी घरे दगडाची किंवा लाकडी सांगाड्याची, आणि हे नेदरलँड्सच्या धाटणीचे, विटांचे, वर शंकूसारखे निमुळते छप्पर. वेल्समधल्या पहिल्या काही विटांच्या घरांपैकी ते एक. ते इतके अनोळखी दिसले की रात्री सैतान विटा आणून टाकतो अशी आवई उठली.

पहिल्या नवऱ्याच्या अंत्यविधीला दोन मागण्या आल्या, ही गोष्ट खरी आहे का?

गोष्ट अशी: सॅलस्बरीच्या अंत्यविधीला चर्चमध्ये जाताना कॅथरिनचा हात क्लफने धरला होता आणि वाटेतच त्याने मागणी घातली. परतताना हात मॉरिस विनने धरला, आणि त्यानेही कानात तेच विचारले. तिने नम्रपणे सांगितले की जाताना क्लफला शब्द दिला आहे, पण त्याच्यावरही अशीच वेळ आली तर तिसरा नंबर तुमचा.

ही गोष्ट लोकांपर्यंत पोचवली ती प्रवासवर्णने लिहिणाऱ्या थॉमस पेनंटने, अठराव्या शतकात, म्हणजे घटनेनंतर सुमारे २०० वर्षांनी. तिला समकालीन आधार नाही. १५६६ च्या ऑगस्टमध्ये क्लफ अँटवर्पला होता. तिथल्या चर्चमधल्या मूर्ती जमावाने फोडल्या त्याचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन त्याने लिहून पाठवले आहे. समुद्रापलीकडे एवढ्या कामात अडकलेला माणूस त्याच वर्षी डेन्बीशरमध्ये तिरडीमागून चालताना सापडणे अवघड. अशक्य नाही, पण अवघड.

तरीही गोष्ट तयार का झाली ते समजण्यासारखे आहे. जमीनदार घराण्यातली तरुण, लेकुरवाळी विधवा मोकळी झाली की आसपासच्या घरांत लगेच हालचाल होई. तो भाग कल्पित नाही.

नवरा गेल्यावर विधवेच्या हाती कायद्याने काय येत असे?

तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्याव्या लागतात. घोळ होतो तो त्या एकत्र केल्यामुळे.

पहिली ‘डाउअर’. हुंड्याशी याचा संबंध नाही, उलट दिशेचा आहे. हुंडा माहेरून सासरी जातो. डाउअर म्हणजे नवऱ्याच्या जमिनीतला विधवेचा वाटा. लग्नाच्या काळात केव्हाही नवऱ्याच्या पूर्ण मालकीत असलेल्या जमिनीचा एक तृतीयांश भाग तिला हयातभर मिळे. विकता येत नसे, फक्त उत्पन्न खाता येई. पुन्हा लग्न केले तरी तो सुटत नसे. नवरा गेल्यावर ४० दिवस तिला मुख्य घरात राहता येई आणि तेवढ्या काळात वारसाने तिचा तिसरा हिस्सा आखून द्यायचा असे.

दुसरी ‘जॉइंचर’. लग्न ठरवतानाच दोन्ही घरे लेखी करार करत: अमुक शेते, अमुक गिरणी, वर्षाला अमुक उत्पन्न, हे नवऱ्यामागे बाईला. १५३६ च्या कायद्यानंतर नियम असा झाला की लग्नाआधी जॉइंचर ठरले असेल तर डाउअर मागता येत नाही. लग्नानंतर दिले असेल तर विधवेने दोहोंतून एक निवडावे.

कॅथरिनच्या पहिल्या लग्नात या करारावर सगळे अवलंबून होते, आणि हे फार जणांच्या नजरेतून सुटते. तिचा नवरा १५६६ मध्ये वारला. लेवेनीचे मालक असलेले सासरे १५७८ पर्यंत जिवंत होते. म्हणजे नवरा लेवेनीचा मालक कधी झालाच नाही. जी जमीन त्याच्या मालकीत आलीच नाही तिच्यात डाउअर नाही. अशा घरात मुलगी देताना बापाने सासऱ्याकडून जॉइंचर लिहून घेतले नाही, तर तरुण विधवा रिकाम्या हाताने माहेरी येई.

तिसरी गोष्ट जंगम मालमत्तेची: रोकड, माल, गुरे, भांडी, बिछाने, येणी. लंडनच्या नागरिकांत, यॉर्कच्या आर्चबिशपच्या प्रांतात आणि वेल्समध्ये जुना रिवाज टिकून होता: एक भाग बायकोचा, एक मुलांचा, एक मयताचा. मयताचा भाग तेवढा मृत्युपत्राने हवा त्याला देता येई. मुले नसतील तर दोनच भाग. वेल्समध्ये हा रिवाज १६९६ च्या कायद्याने गेला, लंडनमध्ये १७२५ साली.

केवळ समजण्यासाठी एक हिशेब घ्या. व्यापाऱ्याची जंगम मालमत्ता २,००० पौंड, देणी आणि अंत्यविधीचा खर्च ८०० पौंड. उरले १,२००. बायकोला ४००, दोन मुलींना मिळून ४००, म्हणजे प्रत्येकी २००. मयताचे ४०० त्याने बायकोलाच दिले असतील तर तिच्याकडे ८०० येतात. आधी देणी, मग वाटे. हा क्रम उलटा करून कोणी २,००० चे तीन भाग केले तर हिशेब फसतो.

मृत्युपत्र सिद्ध करायचे म्हणजे काय काय करावे लागे?

काम चर्चच्या न्यायालयात चाले. मृत्युपत्रात नेमलेला कार्यवाह, जो बहुतेक वेळा विधवाच असे, मृत्युपत्र घेऊन जाई आणि शपथ घेई. १५२९ च्या कायद्याप्रमाणे मालमत्तेची यादी करावी लागे. शेजारचे किंवा सावकारांपैकी किमान दोन भले लोक घरात खोलीमागून खोली फिरत आणि प्रत्येक वस्तूला किंमत लावत: दिवाणखान्यातली टेबले, बिछाने, कथलाची भांडी, कोठीतले धान्य, गोठ्यातली जनावरे. शेवटी येणी आणि देणी. जमीन या यादीत येत नाही. म्हणून नुसती यादी पाहून एखाद्याला गरीब ठरवणे चुकीचे, त्याची शेकडो एकर जमीन तिच्याबाहेर असू शकते.

मयताची मालमत्ता एकाच धर्मप्रांतात असेल तर तिथल्या बिशपच्या कचेरीत काम होई. डेन्बीच्या भागात सेंट असाफच्या. पाच पौंडांहून जास्त किमतीची मालमत्ता दुसऱ्याही धर्मप्रांतात असेल तर प्रकरण कँटरबरीच्या वरिष्ठ न्यायालयात जाई. मोठ्या व्यापाऱ्यांची मृत्युपत्रे बहुतेक करून तिथेच सापडतात.

व्यापाऱ्याच्या विधवेला जास्त अडचण कुठे येई?

येण्यांत. जमीनदाराची संपत्ती जागेवर असते, कुळे खंड आणून देतात. व्यापाऱ्याची संपत्ती कागदावर असते. माल एका बंदरात, हुंडी दुसऱ्या शहरात, भागीदार तिसरीकडे. हुंडीची मुदत ठरलेली. त्या दिवशी ती वटवायला अधिकार असलेला माणूस हजर नसेल तर ती परत जाते आणि वर खर्च बसतो. भागीदाराच्या वहीत आणि नवऱ्याच्या वहीत फरक निघाला तर नवरा साक्ष द्यायला नाही. मालकासाठी घेतलेले कर्ज आणि स्वतःसाठी घेतलेले कर्ज वेगळे लिहिले नसेल, तर सावकार दोन्ही विधवेकडे मागतो.

क्लफच्या बाबतीत वेळही वाईट होती. १५६८ च्या शेवटी स्पेनच्या फौजेच्या पगाराचा पैसा नेणारी जहाजे इंग्लंडने अडवून धरली, त्यावर नेदरलँड्सचा सुभेदार अल्बा याने अँटवर्पमधला इंग्रजांचा माल जप्त केला. १५६९ मध्ये इंग्रज कापड व्यापाऱ्यांनी आपले ठाणे हॅम्बुर्गला हलवले, आणि पुढच्याच वर्षी क्लफ तिथे वारला, जेमतेम चाळिशीचा. दोन लहान मुली, विस्कटलेली बाजारपेठ, आणि नवरा परमुलखात. त्याला हॅम्बुर्गलाच पुरले. हृदय चांदीच्या भांड्यात घालून डेन्बीजवळच्या व्हिटचर्चला आणले असे सांगतात. काही जण हृदयाऐवजी उजवा हात म्हणतात.

स्वतःची एवढी मालमत्ता असताना तिने पुन्हा पुन्हा लग्न का केले?

आधी हे पाहा की लग्नाने तिचे काय जात असे. लग्न लागले की बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई, कायमची. तिच्या वारशाच्या जमिनीची मालकी तिची राही, पण उत्पन्नावर ताबा नवऱ्याचा. त्या लग्नात जिवंत मूल जन्मले असेल, तर बायको आधी गेली तरी नवरा तिची जमीन मरेपर्यंत खाऊ शके. तिच्या नावावर करार नाही, दावा नाही. कॅथरिनला आपल्या मालमत्तेवर स्वतःच्या सहीने काही करता येईल असे दिवस फक्त दोन लग्नांच्या मधले.

तर मग का? कारण एकटीने ते दिवस काढणे महाग पडे. पहिले संकट पालकत्वाचे. जमीन थेट राजसत्तेकडून लष्करी सेवेच्या अटीवर धरलेली असेल आणि वारस अज्ञान, म्हणजे वयात न आलेला असेल, तर त्याचे पालकत्व राजाकडे जाई. त्यासाठी १५४० पासून वेगळे न्यायालयच होते. तिथून ते पालकत्व विकले जाई, आणि विकत घेणारा मुलाचे लग्नही ठरवू शके. आईला आपले मूल विकत परत घ्यावे लागे. त्यासाठी रोकड हवी आणि दरबारात ओळखपाळख हवी. दुसरे, खटले. जॉइंचरच्या जमिनीवर सावत्र मुलाचा डोळा, कारण सावत्र आई जगेल तितकी वर्षे ते उत्पन्न त्याला मिळत नाही. परगण्याचा न्यायाधीश, शेरीफ, पंच ही सगळी माणसे याच आठ-दहा घराण्यांतली. त्यांच्यात आपल्या बाजूने उभा राहणारा पुरुष असणे ही चैन नव्हती.

आणि डाउअर-जॉइंचर लग्नाने सुटत नसल्यामुळे प्रत्येक वैधव्यानंतर तिचे वार्षिक उत्पन्न वाढत जाई. तिसऱ्या वेळी ती आणखी मोठे स्थळ असे. मॉरिस विनही बिजवर नव्हे, दोनदा विधुर झालेला. त्याची ती तिसरी बायको. व्यवहार दोन्हीकडून विचारपूर्वक होता. यात तिला लोभी म्हणणाऱ्यांनी तिच्या नवऱ्यांना तोच शब्द लावून पाहावा.

विधवेने लगेच लग्न करणे लोकांना खटकत नसे?

धर्मोपदेशक नाके मुरडत, पण कायद्यात थांबण्याची मुदत नव्हती. आपल्याकडे विधवेचे लग्न ‘पाट’ किंवा ‘मोहतूर’ म्हणून वेगळ्या, हलक्या मानलेल्या विधीने लागे. तसा भेद तिथे नव्हता. तोच चर्चविधी, तीन रविवारी लग्नाची जाहीर घोषणा किंवा बिशपचा परवाना. डेन्बीशरमधल्या कोणी कॅथरिनला वाळीत टाकल्याचे दिसत नाही. वेल्श कवींनी तर तिची स्तुती गायली.

कॅथरिनच्या घरात सावत्र भावंडांची एकमेकांशी लग्ने लावली, ते चालत असे?

चालत असे, आणि इथे कॅथरिनची हुशारी दिसते. पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा थॉमस सॅलस्बरी याचे लग्न मॉरिस विनची मुलगी मार्गारेट हिच्याशी झाले. नंतर मॉरिसपासून झालेली मुलगी जेन हिचे लग्न एडवर्ड थेलवॉलच्या आधीच्या बायकोचा मुलगा सायमन याच्याशी झाले. नवरा तोच व्याही, सासू तीच सावत्र आई. आर्चबिशप पार्करने १५६३ मध्ये निषिद्ध नात्यांचा जो तक्ता काढला त्यात आई-बाप दोन्ही वेगळे असलेली अशी सावत्र भावंडे येत नाहीत, त्यांच्यात रक्ताचे नाते नसते. दोन घराण्यांत एकच लग्न असेल तर एका मृत्यूने करार संपतो. दुहेरी सोयरीक असेल तर उत्पन्न, जॉइंचर आणि नातवंडे दोन्हीकडे अडकून राहतात.

मुले किती, आणि त्यांचे पुढे काय झाले?

सहा. सॅलस्बरीपासून थॉमस आणि जॉन, क्लफपासून अ‍ॅन आणि मेरी, विनपासून एडवर्ड आणि जेन. थेलवॉलपासून मूल नाही.

थॉमस बॅबिंग्टनच्या कटात सापडला. एलिझाबेथला मारून स्कॉट्सची राणी मेरी हिला गादीवर बसवण्याचा तो बेत. २१ सप्टेंबर १५८६ रोजी लंडनमध्ये त्याला देहदंड झाला, वय अवघे बावीस-तेवीस. आई तेव्हा जिवंत होती. राजद्रोह्याच्या विधवेला डाउअर मिळत नसे, लग्नाआधीचे जॉइंचर मात्र टिके. कराराचा हा आणखी एक उपयोग.

तीनच महिन्यांनी, डिसेंबर १५८६ मध्ये, धाकट्या जॉनचे लग्न डर्बीच्या अर्लची अनौरस मुलगी अर्सुला स्टॅन्ली हिच्याशी झाले. घराण्यावर राजद्रोहाचा डाग असताना एवढ्या मोठ्या सरदाराचा आधार मिळणे ही घर वाचवणारी गोष्ट होती. हा जॉन पुढे राणीच्या खास सेवेत गेला आणि १६०१ मध्ये नाइट झाला. त्याच वर्षी त्याला अर्पण केलेल्या एका संग्रहात शेक्सपिअरची फिनिक्स आणि कवडा या पक्ष्यांवरची कविता छापली गेली.

अ‍ॅनकडे बाखेग्रेग गेले. तिचे लग्न रॉजर सॅलस्बरीशी, म्हणजे पुन्हा त्याच घराण्यात. मेरीचे लग्न मेलाइच्या विलियम विनशी.

‘वेल्सची आई’ हे नाव कशावरून पडले?

वंशजांवरून. सहा मुले हा आकडा त्या काळी मोठा नव्हता. पण ती सहा आणि सावत्र मुले मिळून उत्तर वेल्समधल्या एवढ्या घराण्यांत पसरली की दोन-तीन पिढ्यांनी जवळजवळ प्रत्येक मोठ्या घराची वंशावळ तिच्याशी कुठेतरी जुळू लागली. इंग्रजी कोशकार डॉक्टर जॉन्सनची स्नेही, लेखिका हेस्टर थ्रेल हिची परंपरा अ‍ॅन क्लफपासून येते. १७७४ मध्ये जॉन्सन तिच्याबरोबर बाखेग्रेग पाहायला गेला होता.

तिने नवऱ्यांना मारले, प्रियकरांना बेरेनच्या बागेत पुरले, असे सांगतात ते?

याला काहीही आधार नाही. क्लफ हॅम्बुर्गला वारला. थेलवॉल तिच्यानंतर १९ वर्षे जगला आणि विद्वान, शांत माणूस म्हणून ओळखला गेला. पुढे तत्त्वज्ञ म्हणून नाव मिळवलेल्या एडवर्ड हर्बर्टला लहानपणी वेल्श शिकायला त्याच्याकडे ठेवले होते, आणि मोठेपणी त्याने गुरूबद्दल आदराने लिहिले. श्रीमंत विधवेबद्दल अशा कंड्या पिकतात. तारखा समोर ठेवल्या की त्या उरत नाहीत.

तिचे चित्र कुठे आहे, आणि त्यात काय पाहावे?

कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात. फ्रिसलँडचा चित्रकार आद्रियान व्हान क्रोनेनबुर्ख याने १५६८ मध्ये लाकडी फळीवर रंगवलेले. काळा पोशाख, सोन्याची साखळी, हातात प्रार्थनेचे पुस्तक, आणि कवटीवर टेकलेला दुसरा हात. कवटी पाहून अनेक जण हे विधवेचे चित्र समजतात. पण १५६८ मध्ये क्लफ जिवंत होता. कवटी मरणाची आठवण म्हणून असते. नेदरलँड्सच्या चित्रांत ती सर्रास दिसते. काळा रंगही तिथल्या प्रतिष्ठितांचा रोजचा. गळ्यातल्या पदकात लाडक्या क्लफचे केस आहेत अशी आख्यायिका आहे. असतील तर जिवंत नवऱ्याचे.

जुने कागद वाचताना कोणत्या चुका टाळाव्या?

जॉन सॅलस्बरी तीन आहेत: सासरे सर जॉन (मृत्यू १५७८), नवरा जॉन (मृत्यू १५६६), मुलगा सर जॉन (मृत्यू १६१२). तारीख पाहिल्याशिवाय कोणता ते ठरवू नका. आडनावही तीन-चार प्रकारे लिहिलेले असते, त्यावरून घराणे वेगळे धरू नका.

‘सन-इन-लॉ’ म्हणजे तेव्हा जावईही असे आणि सावत्र मुलगाही. ‘मदर’ हा शब्द सासूला आणि सावत्र आईलाही वापरत. ‘कझिन’ तर कोणालाही. या घराण्यात एकच माणूस जावईही आहे आणि सावत्र मुलगाही, त्यामुळे विशेष जपावे लागते.

नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. कागदावर ‘फेब्रुवारी १५६६’ असेल तर आपल्या गणतीने ते १५६७. लग्न आणि मृत्यू यांतले अंतर काढताना ही एक चूक विधवेला वर्षभर आधीच बोहल्यावर चढवते.

पैशांत ‘मार्क’ दिसला तर तो नाणे नव्हे, हिशेबाचा आकडा आहे: १३ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश. २० शिलिंगांचा पौंड, १२ पेन्सांचा शिलिंग. जॉइंचरच्या करारात ‘१०० मार्क’ असेल तर ते ६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स वाचा.